कोऱ्या नळीतला मुलगा

तुम्ही खोटं बोललात, आणि तेही लेखी, शिक्का मारून.

तुम्ही म्हणजे कोण, हे तुम्हाला नीट ठाऊक आहे. आरोग्य खात्याच्या शिक्क्यावर माणसाचं नाव नसतं, नुसतं पद असतं. माणसं बदलतात, खोटं तेच राहतं. अकरा वर्षांपूर्वी एका बाळंतिणीने तुमच्या माणसांना विचारलं होतं, "तो आवाज कशाचा होता?" तुमची माणसं म्हणाली, पंख्याचा. तिने पुन्हा विचारलं तेव्हा केसपेपरवर 'प्रसूतीनंतरचा भास' असं लिहून तिला झोपेची गोळी दिली. त्या बाईचं नाव रेवंता मडावी. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. तिच्या रक्ताने विचारलं. कसं, ते वाचा.

नागपूरच्या बाहेर, वर्धा रोडला लागून, रेण्वीय निदान प्रशिक्षण केंद्राची तीन मजली इमारत आहे. २०४३च्या जानेवारीत तिथे सहा तंत्रज्ञ बारा दिवसांच्या शिक्षणाला आले होते. पाच पुरुष आणि एक बाई. पुस्तकी शिक्षण नव्हे, हाताने करायचं शिक्षण. रक्तातून डीएनए सोडवायचा, त्याच्या प्रती काढायच्या, आणि रोग आहे की नाही ते सांगायचं. शिकवणाऱ्या डॉ. शरयू बोरकुटे. वय अठ्ठावन्न, आवाज कोरडा, आणि चुकीच्या जागी ठेवलेलं पिपेट वीस फुटांवरून टिपणारी नजर.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "साखळी-वाढ म्हणजे काय, कोण सांगतं?"

उत्तरही त्यांनीच दिलं, "अफवा माहीत आहे ना? एकाने दोघांना सांगायची, दोघांनी चौघांना. चाळीस फेऱ्यांत तिचे लाख कोटी होतात. डीएनएचा एक तुकडा नळीत टाकायचा, तापवायचा, थंड करायचा. दर फेरीला दुप्पट. गावातल्या अफवेत आणि हिच्यात फरक एवढाच, की ही एक अक्षरही बदलत नाही."

"मग गावातल्यापेक्षा भारी आहे," इम्तियाज म्हणाला. इम्तियाज देशमुख अकोल्याच्या जिल्हा प्रयोगशाळेचा. हात चांगला, तोंड त्याहून जास्त चालणारं.

"आणि म्हणूनच जास्त घातक," बोरकुटे म्हणाल्या. "तुझ्या शिंकेतला एक तुकडा नळीत पडला तर तोही लाख कोटी होईल. म्हणून दर फेरीला एक कोरी नळी ठेवायची. तिच्यात जे शोधतोय ते नाही, हे आपल्याला आधीच माहीत असतं. बाकीच्या बोलल्या तरी कोरीने गप्प बसायचं. कोरी बोलली, की सगळ्या खोट्या. फेरी कचऱ्यात. कारण शोधत बसायचं नाही, पेशंट वाट बघत असतो."

ते शेवटचं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. जगातल्या सगळ्या प्रयोगशाळा असंच करतात. जिने बोलू नये ती बोलली, की तिला फेकून देतात.

तिसऱ्या दिवसाचा धडा सोपा होता. प्रत्येकाने आपलंच रक्त घ्यायचं आणि त्यात पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरचा एक तुकडा शोधायचा. पाच पुरुषांच्या नळ्या बोलणार. रेवंताचं रक्त ही त्या दिवशीची कोरी नळी. तसं हस्तपुस्तिकेतच छापलं होतं: स्त्रीचं रक्त, अपेक्षित उत्तर शून्य.

पडद्यावर एकेका नळीची रेष वर उठू लागली. पाच रेषा एकोणिसाव्या-विसाव्या फेरीला उठल्या. सहावी बराच वेळ जमिनीवर पडून होती. छत्तिसाव्या फेरीला ती हलली, आणि सरळ वर गेली.

"ओ ताई," इम्तियाज म्हणाला, "आम्हा पाच भावांत सहावा कुठून आणला?"

बाकीचे हसले. रेवंता हसली नाही. चौतीस वर्षांची, गडचिरोलीच्या आतल्या एका तालुक्याच्या रुग्णालयात नऊ वर्षं रक्त तपासणारी बाई. आजवर तिची एक काचपट्टी कुणी परत पाठवली नव्हती.

"कचऱ्यात टाका," बोरकुटे म्हणाल्या. "मडावी, हातमोजे बदल. परत कर."

तिने परत केलं. सहावी रेष छत्तिसाव्या फेरीला उठली. नवी टिप, नवं पाणी, नवं टेबल घेतलं. रेष पुन्हा उठली.

"बाई, हात स्वच्छ नसेल तर मी सही करणार नाही," बोरकुटे सगळ्यांसमोर म्हणाल्या. "तुझ्या हातून एखाद्या निरोगी माणसाला क्षयाचं औषध सुरू होईल."

"मॅडम, माझा हात स्वच्छ आहे."

"मग रेष काय भूत उठवतंय?"

"मले नाही माहीत. पण भूत असन तर ते माझ्या हातात नाही. रक्तात आहे." रेवंताने पडद्याकडे बोट केलं. "नुसत्या पाण्याची नळी पहा. मी सोबत लावली होती. तिन्ही वेळा गप्प आहे. हात घाण असता तर पाणी पण बोललं असतं."

बोरकुटेंनी पाहिलं. पाण्याची रेष खरंच जमिनीवर पडलेली होती. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"तुम्ही पाचही जण बाहेर जा. चहा प्या. कपडे झटकू नका."

दारं बंद झाली. खोलीत दोन बायका, आणि पुरुष नावाचा एक केसही नाही. बोरकुटेंनी स्वतःच्या हाताने रेवंताचं रक्त काढलं आणि स्वतः नळ्या भरल्या. सोबत आपलंही रक्त ठेवलं. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. दीड तासाने त्यांची रेष जमिनीवर होती आणि रेवंताची छत्तिसाव्या फेरीला उठली होती.

"तुला मुलगा आहे का गं?" बोरकुटेंनी विचारलं. आवाजातला कोरडेपणा गेला होता.

"मुलगी आहे. नऊ वर्षांची."

"त्याआधी?"

रेवंताने हातमोजा काढून कचरापेटीत टाकला. मग म्हणाली, "झाला होता. मेलेला झाला, म्हणतात."

बोरकुटे खुर्चीवर बसल्या.

"पुस्तक मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. जुनं रसायन इतकं तीक्ष्ण नव्हतं. ह्या बॅचला पहिल्यांदा नवं दिलं, शंभरपट तीक्ष्ण, आणि पुस्तकातलं पान बदलायला विसरले. तुझी नळी घाण नाही, मडावी. तुझी नळी कोरी नाही."

"म्हणजे?"

"मूल पोटात असताना त्याच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात. मूल बाहेर जातं, त्या राहतात. दहा लाखांत एखादी. आम्ही त्यांना पाहुणपेशी म्हणतो. पण पाहुणे म्हणणं चुकीचं आहे, कारण पाहुणे जातात. ह्या जात नाहीत. हाडाच्या मज्जेत बसतात, यकृतात बसतात. काहींच्या हृदयात सापडल्यात, तिथल्या पेशींबरोबर ठोके देताना."

रेवंताचा हात छातीकडे गेला आणि मध्येच थांबला, जणू तिथे कुणी झोपलेलं आहे.

"दाखवता येते?" तिने विचारलं.

"काय?"

"ती पेशी. दाखवता येते का, मॅडम?"

दाखवता येत होती. वरच्या मजल्यावर पेशीनिवड यंत्र होतं. रक्तातल्या पेशी त्यात एकामागून एक, जत्रेतल्या रांगेसारख्या, प्रकाशाच्या एका किरणापुढून जातात. हवी ती आली की यंत्र तिला बाजूला काढतं. ते काम पुढचे दोन दिवस चाललं. सहाही तंत्रज्ञ धडा सोडून तिथे बसले आणि बोरकुटेंनी कुणाला हाकललं नाही. चार कोटी पेशी गेल्या. चौदा सापडल्या.

बोरकुटेंनी आधी नातं जुळवून पाहिलं. ह्या पेशी रेवंताच्या आईकडून तिच्यात आलेल्या एखाद्या भावाच्या असू शकल्या असत्या. नव्हत्या. डीएनएच्या प्रत्येक जोडीतला एक पदर रेवंताचा होता. हे तिचंच मूल होतं.

मग त्यांनी एक पेशी वाढपेटीत ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाचा पडदा रेवंताकडे वळवला.

राखाडी पार्श्वभूमीवर एक गोल ठिपका. काठावर तो थरथरत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्या ठिपक्याला मध्ये कंबर आली. तो लांबला, ताणला गेला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकाचे दोन झाले.

"वाढते आहे," कुणीतरी पुटपुटलं.

ज्याला पुरून अकरा वर्षं झाली, ज्याचं नाव ठेवलं गेलं नाही, ज्याला आईच्या हातात एकदाही दिलं नाही, तो मुलगा पडद्यावर वाढत होता. इतकी वर्षं तो आईबरोबर रोज रुग्णालयात गेला होता. तिच्या तापात तापला होता. तिच्या रक्तात फिरून त्याने बहिणीचा जन्मही जवळून पाहिला होता. आणि जगातलं कुठलंही कागदपत्र असं सांगत नव्हतं, की तो कधी होता.

"अकरा वर्षांचा झाला असन," रेवंता म्हणाली. मग तिने तो प्रश्न विचारला. "मॅडम, मग तो जिवंत झाला होता का?"

बोरकुटेंनी मान हलवली. "हे त्यावरून सिद्ध होत नाही. पेशी पोटात असतानाच येतात. मूल पुढे मेलेलं जन्मलं तरी पेशी असतातच."

"मी आवाज ऐकला होता."

"तू ऐकलं नाहीस असं मी म्हणत नाही."

"मग सिद्ध कशानं होते? तेवढं सांगा. नसन होत तर नाही म्हणा. पण पंखा म्हणू नका."

बोरकुटे उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. मनात काहीतरी होतं आणि ते बाहेर काढायला त्यांना लाज वाटत होती.

"एक गोष्ट आहे. सात वर्षं तिच्यावर घालवली आणि मग कपाटात टाकली. पोटात बाळाला प्राणवायू फार थोडा मिळतो. डोंगराच्या शिखरावर मिळेल तेवढा. पहिला श्वास घेतला की रक्तातला प्राणवायू एकदम दुप्पट-तिप्पट होतो. तो धक्का रक्ताच्या मूळपेशी विसरत नाहीत. त्यांच्या डीएनएवर चार ठिकाणी एक रासायनिक ठिपका बसतो. पेशीचे दोन झाले तरी ठिपका दोघांत उतरतो, जन्मभर. मी त्याला श्वासखूण म्हणते. आपल्या सगळ्यांत ती आहे."

इम्तियाज पुढे सरकला. "मग सोपं आहे. ताईच्या पोराच्या पेशीत खूण पाहायची. असली तर श्वास घेतला, नसली तर नाही."

"सोपं असतं तर कपाटात टाकलं असतं का रे? श्वास घेतल्यावर पेशी आईकडे येणार कशी? नाळ कापली, रस्ता बंद. खूण बसायला चार मिनिटं लागतात, आणि रुग्णालयात नाळ एका मिनिटात कापतात. मी बाराशे आया तपासल्या, सगळ्यांची मुलं जिवंत, खेळणारी. त्यांच्या पाहुणपेशींत एकही खूण नाही. शून्य. लोक हसले मला. जिवंत मुलं जन्माला घालणाऱ्या बाराशे बायकांत जी खूण एकदाही सापडत नाही, ती काय कामाची?"

"तरी पाहा," रेवंता म्हणाली.

"नसेलच बाई. आणि नसली म्हणजे तो श्वासाविना गेला, असंही होत नाही. तुला काहीच कळणार नाही."

"तरी पाहा."

उरलेल्या तेरा पेशी आणि वाढपेटीतल्या पेशीची एक लेक, अशा चौदा नळ्या लागल्या. रेवंताने स्वतः भरल्या. कुणी तिला हातमोजे बदलायला सांगितलं नाही. अकरा नळ्या गप्प राहिल्या. त्या पोटातल्या दिवसांच्या पेशी होत्या.

तीन बोलल्या.

बोरकुटे पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास काचेवर उमटला. "कोरी नळी?" त्यांनी विचारलं.

"गप्प आहे, मॅडम," रेवंता म्हणाली.

त्या दिवशी ती रडली नाही. हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे तुमच्याच एका माणसाने ही तपासणी 'भावनेच्या भरात' झाल्याचं म्हटलं. तिने दुसऱ्या यंत्रावर फेरी पुन्हा लावली. इम्तियाजने वेगळ्या खोलीत, नळ्यांवर कोणतं नाव आहे हे न कळता, तिसऱ्यांदा लावली. तीन बोलल्या. त्याच तीन.

"पण हे होऊच शकत नाही," बोरकुटे म्हणाल्या. "चार मिनिटं श्वास, आणि नाळ तशीच? कुठल्या रुग्णालयात नाळ चार मिनिटं ठेवतात?"

रेवंता टेबलाच्या कडेला रेलून उभी होती. अकरा वर्षं ज्या आठवणीला भास म्हणायची तिला सवय लावली होती, ती आठवण ती आता साक्षीदारासारखी सांगू लागली.

"डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, म्हणाले, गेलेला आहे. आणि बाजूच्या बाईकडे गेले, तिची अडली होती. सिस्टर कैची घेऊन वाकली, तर दुसरी म्हणाली, 'राहू दे आता. वार पडली की सगळं एकत्रच उचलू.' माझ्या पायापाशी ट्रेमध्ये ठेवला. कापड टाकलं वरून. मंग तो आवाज आला. बारीक. मी सांगितलं. ते म्हणाले, पंखा."

इम्तियाज बोलला, आणि त्याच्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता.

"मॅडम, तुम्ही बाराशे जिवंत पोरांच्या आया तपासल्या. जिवंत पोराची नाळ लगेच कापतात. मेलेल्याची कापायला कोण धावतं?"

बोरकुटेंनी डोळे मिटले. सात वर्षं त्यांनी खूण चुकीच्या बायकांत शोधली होती. ही खूण जिवंत मुलांच्या आयांत सापडणारच नव्हती. ती फक्त अशा आईत सापडणार, जिच्या मुलाला मेलं म्हणून नाळेसकट बाजूला ठेवलं, आणि जे मेलेलं नव्हतं. त्याने श्वास घेतला, त्याचं हृदय चाललं, त्या हृदयाने खूण बसलेलं रक्त नाळेतून वारेत ढकललं. वार सुटताना फाटली आणि ते रक्त आईत उतरलं. कापडाखालून त्याला जाता येईल असा एकच रस्ता उरला होता, आणि तो त्या रस्त्याने गेला.

"वाचला असता का?" रेवंताने विचारलं.

"चार मिनिटं स्वतःच्या दमाने श्वास घेणारं मूल," बोरकुटे म्हणाल्या. पुढचंही त्या बोलल्या, कारण ही बाई कुणाच्या दयेने थांबणारी नव्हती. "हो. पुसून, उबेत ठेवून, तोंडातलं पाणी काढलं असतं तर. बहुतेक वाचला असता."

रेवंताने मान डोलावली. इतकंच तिला हवं होतं आणि इतकंच तिला नको होतं.

बारा दिवस संपले. सगळ्यांच्या प्रमाणपत्रांवर सह्या झाल्या. बोरकुटेंनी तुमच्याकडे मोठ्या तपासणीची परवानगी मागितली. तुम्ही विषय 'संवेदनशील' म्हणून परत पाठवला. मग त्यांनी मागायचं सोडलं. केंद्राच्या पुढच्या बॅचना हाताने सराव करायला नमुने लागतातच. त्या सहा तंत्रज्ञांनी आपापल्या जिल्ह्यांत जाऊन बायकांना बसवून सगळं समजावलं. उत्तर ऐकवेल की नाही हेही विचारलं. ज्या हो म्हणाल्या त्यांची संमती घेऊन रक्त पाठवलं. ज्यांच्या कागदावर 'मृतजात' लिहिलं आहे अशा दोनशे बारा बायका. आणि मूल मुलगी असेल तर तिच्या पेशी पुरुषी गुणसूत्राविना आईच्या रक्तात ओळखायच्या कशा, ती युक्तीही तिसऱ्या बॅचने काढली.

दोनशे बारांपैकी एक्केचाळीस जणींत श्वासखूण सापडली.

हे एक्केचाळीस म्हणजे सगळे नव्हेत. ज्याची नाळ वेळेवर कापली आणि मग टाकून दिलं, त्याची खूण आईत नाही. ज्याने तीनच मिनिटं दम धरला, त्याचीही नाही. ज्याला कुणी बोटही लावलं नाही आणि तरीही जे चार मिनिटं जगलं, तेवढंच मूल बोलू शकतं. मूल जन्मून मेलं तर चौकशी बसते, अर्भकमृत्यूचा आकडा वाढतो, वरून विचारणा होते. मेलेलं जन्मलं तर एका रकान्यात एक खूण, आणि काम संपलं. म्हणून घाईच्या वेळी कोणता रकाना हाताला लागतो, ते सांगायला विज्ञान लागत नाही.

एक्केचाळीस बायकांनी तुम्हाला अर्ज दिला. रेवंताने तो लिहिला, बोरकुटेंनी तपासणीचे कागद जोडले. मागणी साधी होती: आमच्या मुलांच्या नोंदीत 'जन्मला' हा शब्द घाला. बस. शिक्षा मागितली नाही, भरपाई मागितली नाही. त्या अर्जाला तुमचं उत्तर आलं नाही.

उत्तराऐवजी, सतराव्या दिवशी, राज्यातल्या सगळ्या प्रसूतिगृहांत तुमचं परिपत्रक आलं. इम्तियाजने ते अकोल्याहून रेवंताला पाठवलं. एकच ओळ कामाची होती: यापुढे सर्व प्रसूतींत, मृतजात अर्भकासह, नाळ साठ सेकंदांच्या आत कापण्यात यावी.

रेवंताने ती ओळ उभ्याने वाचली. तिच्या आत त्या वेळी तो होता, नेहमीसारखा, चार कोटींत चौदा. पुढच्या वर्षी कुठल्यातरी ट्रेमध्ये, कापडाखाली, दुसरं कुणी श्वास घेईल आणि त्याचा रस्ता बंद असेल. कापायला वाकलेल्या एखाद्या सिस्टरने वाकताना त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचं नशीब. पण ओळीत पाहा असं लिहिलेलं नाही. कापा असं लिहिलं आहे.

जिवंत मुलाची नाळ कधी कापायची, याचा नियम तुमच्याकडे आधीपासून होता. 'मृतजात अर्भकासह' हे शब्द तुम्ही नव्याने घातलेत, ते एक्केचाळीस नावं वाचल्यावर. तेव्हा एवढंच सांगा: जे मूल मेलेलंच आहे, त्याची नाळ साठ सेकंदांत कापायची तुम्हाला कसली घाई आहे?

एक्केचाळीस आया थांबल्या आहेत. उत्तर द्या.